खुलासा : ‘डेमोलिशन’ची वाद्ये कोणी वाजवली?

गर्लस्कूल या लंडनच्या केवळ स्त्रियांच्या हेवी मेटल बँडच्या ‘डेमोलिशन’ या १९८० च्या पहिल्या अल्बममध्ये गिटार आणि ड्रम प्रत्यक्षात मोटरहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या पुरुषांनीच वाजवले होते, असा मजकूर नाशिकमधील रॉक संगीताच्या श्रोत्यांत मोबाइलवरून फिरत आहे. तो चुकीचा आहे.

या अल्बमवर किम मॅकॉलिफ आणि केली जॉन्सन यांची गिटार, एनिड विल्यम्स यांचा बास आणि डेनिस ड्यूफोर्ट यांचे ड्रम आहेत. त्यातील ‘रेस विथ द डेव्हिल’ हे मोटरहेडचे गायक लेमी यांनी लिहून दिल्याचे सांगितले जाते, तेही खरे नाही; ते गन या ब्रिटिश बँडचे १९६८ मधील गाणे आहे.

गैरसमजाचे मूळ बहुधा १९८१ च्या संयुक्त रेकॉर्डमध्ये असावे, कारण ती दोन्ही बँडनी मिळून केली होती. मात्र त्या वेळी मोटरहेडचे ड्रमर फिल टेलर मानेच्या दुखापतीमुळे वाजवू शकत नव्हते आणि त्यांच्या जागी ड्रम वाजवले ते ड्यूफोर्ट यांनीच. त्याच रेकॉर्डवर मोटरहेडने ‘डेमोलिशन’मधील ‘इमर्जन्सी’ हे गाणे स्वतः सादर केले. म्हणजे उसनवारी झाली असेल, तर ती पसरवल्या जाणाऱ्या दाव्याच्या नेमकी उलट दिशेने झाली. गंगापूर रोड असो वा सिडको, ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवला आहे, त्यांनी ही दुरुस्तीही त्याच गटांत आवर्जून पाठवावी, कारण या चौघींच्या मेहनतीचे श्रेय परस्पर दुसऱ्यांच्या नावावर जमा होत आहे.