झेनॉन हुंगवला की माणूस उठून बसतो?

‘डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्याला झेनॉन वायू हुंगवला की मेंदू पूर्ववत होतो. लंडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. डॉक्टर सांगणार नाहीत.’ हा मेसेज गेल्या महिन्यात एका वडिलांनी मला दाखवला. आत त्यांचा मुलगा व्हेंटिलेटरवर होता. मी भूलतज्ज्ञ. तेव्हा दारात उभ्याउभ्या जेमतेम दोन वाक्यं बोललो, ती मनाला लागून राहिली.

लंडनचं काम खरं आहे. ते इम्पिरिअल कॉलेजात झालं, पण उंदरांवर. मार लागल्यावर मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन उसळतं आणि शेजारच्या धडधाकट पेशीही मरू लागतात. झेनॉन ग्लुटामेटचा हा परिणाम अडवतो, उंदरांची इजा खरोखर कमी झाली. मात्र त्या उंदराला आधी भूल दिलेली होती, मार मोजूनमापून दिलेला होता आणि पंधरा मिनिटांत, फार तर तीन तासांत वायू सुरू झाला होता. हायवेवर पडलेलं पोर तेवढ्या वेळात योग्य दवाखान्यात पोचेलच असं नाही.

माणसांवरचं बोलायचं तर फिनलंडमध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ११० रुग्णांपैकी निम्म्यांना २४ तास झेनॉन दिला. २०१६च्या निकालात एमआरआयवर मेंदूची हानी कमी दिसली, सहा महिन्यांतल्या मृत्यूंमध्ये मात्र ठोस फरक नव्हता. आणि डोक्याला मार लागलेले हे रुग्ण नव्हतेच.

‘नैसर्गिक’ म्हणाल, तर हवेत तो कोटीला एक भागही नसतो. आमच्या दृष्टीने तो भुलीचा वायू आहे. ७५ टक्के दिला तर ऑक्सिजनला फार तर २५ टक्के उरतात. छातीलाही मार असलेल्याचं तेवढ्यावर भागत नाही.

लपवाछपवी तर नाहीच, हे सगळं जाहीर छापलेलं आहे. ‘मग देऊन बघायला काय हरकत?’ हा प्रश्न मात्र मला अस्वस्थ करतो. स्टेरॉइडबद्दल आम्ही डॉक्टर हेच म्हणत होतो. मेंदूची सूज उतरते, मग द्या. पुढे डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांवर रुग्णांची ‘क्रॅश’ चाचणी झाली. २००४चा निकाल असा: दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १८.

त्या वडिलांनी शेवटी विचारलं, “डॉक्टर, आमचं काय चुकलं?” त्यांना दोन दवाखाने फिरावे लागले होते, सीटी स्कॅन दोन्हीकडे नव्हता. मी म्हणालो, “काका, तुमचं नाही चुकलं. जवळ सीटी आणि न्यूरोसर्जन कुठे आहेत, हे तुम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं.”