जंगली महाराज रस्त्याच्या फॉरवर्डमधून निघणारे चुकीचे निष्कर्ष

दर पावसाळ्यात पहिले खड्डे पडले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. 1973 च्या पावसात पुण्यातल्या रस्त्यांची चाळण झाली. तेव्हा स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष असलेल्या श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईत रस्ते बांधणाऱ्या रेकाँडो या दोन पारशी भावांच्या कंपनीला जंगली महाराज रस्त्याचं काम दिलं. कंपनीनं हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबरात मिसळलेली खडी, वापरून 1 जानेवारी 1976 ला रस्ता पुरा केला, 10 वर्षांची हमी दिली आणि पुढची चाळीस वर्षं त्यावर खड्डा पडला नाही. मजकुराचा शेवट ठरलेला असतो: त्या कंपनीला महापालिकेनं पुन्हा काम दिलं नाही, कारण टिकणारा रस्ता कोणालाच नको आहे.

मूळ हकिकतीशी माझं भांडण नाही. लोकप्रतिनिधीनं ठेकेदाराकडून दहा वर्षांची हमी मागावी आणि ती मिळवावी, ही आजही दुर्मिळ गोष्ट आहे. तो रस्ता उत्तम बांधला गेला, हेही मान्य. भांडण आहे ते तिच्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांशी. हेच निष्कर्ष पुढे क्षेत्रीय कार्यालयात आणि नगरसेवकांच्या दारात मागण्या होऊन येतात, आणि त्या मान्य झाल्या की रस्ते सुधारण्याऐवजी आणखी बिघडतात. रस्त्यांच्या पाहणीचं काम मी केलेलं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

पहिला निष्कर्ष असा की, एकदा रस्ता प्रामाणिकपणे बांधला की चाळीस वर्षं त्याला हात लावावा लागत नाही.

डांबरी रस्ता म्हणजे एकच थर नसतो. खाली दाबून बसवलेली माती किंवा मुरूम, त्यावर खडीचे थर, त्यावर डांबर मिसळलेल्या जाड खडीचा थर आणि सगळ्यात वर तीन-चार सेंटिमीटरचा बारीक खडीचा कार्पेट. खालचे थर चांगले बसवले आणि कोरडे ठेवले तर ते चाळीस वर्षं खरोखर टिकतात. वरचा थर टिकत नाही. ऊन आणि हवा यांनी डांबरातला चिकटपणा कमी होत जातो, ते कडक होतं, बारीक भेगा पडतात, खडीचे दाणे सुटू लागतात. रस्त्यावरून एकही गाडी गेली नाही तरी हे होणारच. म्हणून वरचा थर ठरावीक वर्षांनी नवा करावा लागतो, मधल्या काळात भेगा भराव्या लागतात, कडेची पावसाळी गटारं मोकळी ठेवावी लागतात. रस्त्यावर खड्डा न पडणं आणि रस्त्याला हात न लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट देखभालीमुळे साधते. फॉरवर्डमध्ये देखभालीला जागाच नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात तेवढंच राहतं.

दुसरा निष्कर्ष सगळ्यात जास्त पसरलेला आहे: जंगली महाराज रस्ता टिकला आणि तुमच्या घरासमोरचा उखडला, याचं कारण फक्त ठेकेदाराची नियत.

नियतीचा प्रश्न आहेच. चार सेंटिमीटरच्या जागी अडीच टाकणं, गार झालेला माल पसरणं, रोलरच्या फेऱ्या कमी करणं हे प्रकार होतात. हॉटमिक्स सुमारे 150 अंशांना तयार होतं आणि 90 अंशांच्या खाली उतरण्याआधी त्यावरचं रोलिंग संपायला हवं. ट्रॅफिकमध्ये डंपर दोन तास अडकला की तो माल नीट दबत नाही. अशा कामाला शिक्षा व्हायलाच हवी. पण नुसत्या संशयावर शिक्षा करता येत नाही. रस्त्यातून नळकांडं कापून, म्हणजे कोअर काढून, थराची जाडी आणि घनता मोजावी लागते.

आता बाकीची कारणं पाहा. जंगली महाराज रस्त्याला लागूनच पाताळेश्वर आहे. आठव्या शतकातलं ते मंदिर अखंड बेसाल्टमध्ये खोदलेलं आहे, म्हणजे तिथे खडक किती वर आहे हे कोणालाही दिसतं. रस्त्याच्या एका अंगाला मुठा नदी आहे, जमिनीचा उतार तिकडे आहे, पाणी तुंबायला वाव कमी. उलट शहराच्या आणि उपनगरांच्या कितीतरी भागांत खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता बरोबर घेऊन हलते. तिथे मुरमाची जाड भर घातल्याशिवाय किंवा चुन्यानं ती माती स्थिर केल्याशिवाय कितीही प्रामाणिक ठेकेदार नेमला तरी रस्त्याला लाटा येतात.

मग भार. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात: आसावरचा (चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचा, म्हणजे ॲक्सलवरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतं. त्यामुळे सायकल, स्कूटर, मोटारगाडी यांच्यामुळे रस्त्याच्या खालच्या थरांना जवळपास काहीच होत नाही. नुकसान करतात ते भरलेले ट्रक, डंपर, काँक्रीटचे मिक्सर आणि पाण्याचे टँकर. 1976 मधलं पुणं सायकलींचं शहर होतं. आज ज्या रस्त्यावरून दिवसभर बांधकामाचे डंपर आणि टँकर जातात, त्याची तुलना दुकानं, नाट्यगृह आणि बागेच्या रस्त्याशी करणं म्हणजे त्या रस्त्यावर अन्याय आहे. त्यातच 2018 मध्ये केंद्र सरकारनं देशभर ट्रकच्या आसांवरचा परवानगीचा भार वाढवला. चार चाकांच्या एका आसाला 10.2 टनांची मर्यादा होती, ती 11.5 टन झाली. आकडा लहान वाटतो, पण वरच्या नियमानं नुकसान दीडपटीहून जास्त होतं.

आणि खोदाई. याबद्दल मला सर्वांत जास्त चीड आहे. पाण्याची लाईन, सांडपाण्याची लाईन, वीज, गॅस, इंटरनेटची केबल, प्रत्येकाची खोदाई वेगळी, वेळ वेगळी. रस्ता करून सहा महिने होत नाहीत तोच चर मारला जातो. चर भरताना माती एकदम लोटतात. खरं म्हणजे ती वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, कंपन यंत्रानं दाबत वर यायला हवी. वरून डांबर किंवा पेव्हर ब्लॉक बसवून काम संपल्याची नोंद होते. पहिल्या पावसात चर बसतो, त्याच्या दोन्ही कडांना भेग राहते, भेगेतून पाणी शेजारच्या शाबूत रस्त्याखाली शिरतं. मग खड्डा चरावर न पडता चराच्या शेजारी पडतो, आणि शिव्या मूळ रस्ता करणाऱ्याला बसतात. खोदाई शुल्क म्हणून महापालिका कंपन्यांकडून पैसे घेते. ते पैसे त्या चराच्याच दुरुस्तीला, पूर्ण मार्गिकेच्या रुंदीत, वापरले पाहिजेत, हा मुद्दा कोणत्याच फॉरवर्डमध्ये येत नाही.

तिसरा निष्कर्ष मला सर्वांत घातक वाटतो. चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर पुन्हा डांबर टाकताना पाहिलं की लोक फोटो काढतात आणि खाली लिहितात: पलीकडच्या गल्लीत खड्डे आहेत, तिथे जायचं सोडून इथे पैसे खाताहेत.

कधी कधी ते खरंच तसं असतं. मार्चअखेरीला निधी संपवायचा म्हणून शाबूत रस्त्यावर थर चढवला जातो, रस्त्याची उंची वाढते, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात, दुकानांचे उंबरे खाली राहतात. पण रस्ता चांगला दिसत असतानाच त्यावर काम करणं हीच शहाणी पद्धत आहे, आणि याची कारणं मोजमापात आहेत.

रस्त्याची तब्येत मोजतात ती 0 ते 100 गुणांवर. पीसीआय (पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स) नावाचा हा निर्देशांक 1970 च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागानं तयार केला. पाहणी करणारा माणूस रस्त्याचा ठरावीक तुकडा चालत तपासतो: जाळीदार भेगा किती चौरस मीटरवर, किती खोल, चाकोऱ्या किती मिलिमीटर, खडी कुठे सुटली, ठिगळं किती. प्रत्येक दोषाचा प्रकार, तीव्रता आणि व्याप यांनुसार 100 मधून गुण वजा होतात. जे डोळ्यांना दिसत नाही ते यंत्रानं मोजतात. बेंकलमन बीम ही लांब दांडी भरलेल्या ट्रकच्या जोडचाकांमध्ये टेकवतात, ट्रक पुढे नेतात आणि रस्ता किती उसळून वर आला ते शंभरांश मिलिमीटरमध्ये वाचतात. जास्त उसळला म्हणजे खालचे थर दुबळे. हल्ली हेच काम वजन आपटून मोजणारं यंत्र पटकन करतं. भारतात हे माहीत नाही असं अजिबात नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) आयआरसी:82 या 2015 मध्ये सुधारलेल्या संहितेत डांबरी रस्त्यांना दोषांवरून गुण कसे द्यायचे हे आहे, आयआरसी:81 मध्ये बीमची पद्धत आहे, आयआरसी:115 मध्ये वजन आपटण्याची.

या गुणांचा वर्षांप्रमाणे आलेख काढला की रेषा सरळ उतरत नाही. अभियंत्यांना शिकवल्या जाणाऱ्या आलेखात रस्त्याच्या आयुष्याच्या पहिल्या तीन चतुर्थांश काळात तब्येत सुमारे 40 टक्के घसरते, आणि पुढच्या जेमतेम 12 टक्के काळात आणखी तेवढीच. आकडे माती आणि हवामानाप्रमाणे बदलतात, आकार बदलत नाही. कारण साधं आहे. भेगा बारीक असेपर्यंत पाणी वरच अडतं. जाळी पडली की ते खडीच्या थरात पोचतं, प्रत्येक चाकाखाली दाबलं जातं, खालची बारीक माती बाहेर फेकली जाते आणि वरचा थर अधांतरी राहतो. त्या उताराच्या आधी भेगा भरणं, स्लरी सील किंवा मायक्रोसरफेसिंगचा, म्हणजे डांबर आणि बारीक खडीच्या पातळ मिश्रणाचा, थर देणं पुरतं. उतार पार झाला की रस्ता खणून नव्याने बांधावा लागतो, आणि त्याचा खर्च कितीतरी पट होतो.

म्हणजे मर्यादित पैशांत सर्वांत वाईट रस्ते आधी असं ठरवलं, तर दर वर्षी थोडे मेलेले रस्ते महागात जिवंत होतात आणि त्याहून जास्त बरे रस्ते त्याच वर्षी उताराला लागतात. सॅन फ्रान्सिस्को शहरानं 2011 मध्ये मतदारांकडून रस्त्यांसाठी 24.8 कोटी डॉलरचे रोखे मंजूर करून घेतले. दशकभरात शहराचे सरासरी गुण साठीतून सत्तरीच्या मध्यापर्यंत चढले. तिथे पैसा होता हे खरं, पण तो सगळा सर्वांत वाईट गल्ल्यांत ओतला नाही. बऱ्या रस्त्यांना बरं ठेवण्याचा वाटा ठेवला आणि शहराचे सरासरी गुण लोकांसमोर मांडले. पुण्यात सुमारे 1,400 किलोमीटर रस्ते महापालिकेकडे आहेत, समाविष्ट गावांचे धरून आणखी जास्त. एवढ्या जाळ्यात कुठल्या रस्त्याला आधी हात लावायचा हे फोटोंवरून ठरवता येणार नाही.

चौथी मागणी: सगळे रस्ते सिमेंटचे करा, कटकट मिटेल. काँक्रीट जास्त टिकतं, जड वाहतुकीच्या रस्त्यांना ते योग्यही आहे. पण त्यालाही सांधे असतात आणि त्यातलं सील ठरावीक वर्षांनी बदलावं लागतं, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं. आणि खोदाईची सवय कायम ठेवून काँक्रीट केलं तर ते डांबरापेक्षा वाईट, कारण फोडलेल्या पॅनेलचं ठिगळ कधीच एकजीव होत नाही. आधी केबल आणि लाईनसाठी डक्ट, म्हणजे रस्त्याखालचे कायमचे मार्ग, मगच काँक्रीट. मुंबई महापालिकेनं दोन टप्प्यांत सुमारे 700 किलोमीटर रस्त्यांचं काँक्रीटीकरण काढलं तेव्हा गुणवत्ता तपासायला आयआयटी मुंबईला नेमलं. काँक्रीट म्हटलं की तपासणी नको, असं त्यांनाही वाटलं नाही.

राहिला शेवटचा सल्ला, तशी कंपनी पुन्हा शोधा. कंपनीपेक्षा तिच्याकडून लिहून घेतलेली हमी महत्त्वाची होती. आजच्या निविदांमध्ये दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं दोष स्वखर्चानं दुरुस्त करण्याची मुदत, असतोच. तो संपण्याआधी रस्ता मोजला जातो का, हा खरा प्रश्न आहे. कालावधी संपायच्या आधीच्या पावसाळ्यानंतर गुण काढायचे, ठरलेल्या आकड्याखाली आले तर अनामत अडवून दुरुस्ती करून घ्यायची. नव्या कायद्याची गरज नाही, निविदेत एक कलम लागतं. चांगल्या स्थितीतला रस्ता मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला 6 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई द्यावी लागणाऱ्या यंत्रणेला मोजमाप परवडतं.

म्हणून पुढच्या वेळी हा मजकूर आला की त्याखाली आपल्या प्रभागातल्या एका रस्त्याचं नाव लिहा आणि पथ विभागाकडे माहिती अधिकारात एवढं मागा: शेवटचा थर कधी आणि किती जाडीचा टाकला, कोअर चाचणीचे निकाल, दोष दायित्व कधी संपतं, त्यानंतर कोणाकोणाला खोदाईची परवानगी दिली, आणि आयआरसी:82 प्रमाणे त्या रस्त्याला शेवटचे गुण कधी व किती दिले. अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.