'एकदा सांगितलं की विंग्ज गेल्या', खरंच?

अमेरिकन एअर फोर्सच्या पायलटांबद्दल एक मेसेज सध्या जोरात फिरतोय आणि एनडीएची तयारी करणारी आपली पोरंही तो मनावर घेऊन बसलीत. त्यात म्हटलंय की मेंदूचं किंवा मनाचं काहीही फाइलवर आलं की विंग्ज गेल्या, म्हणजे उडणं कायमचं बंद, गोळी सुरू झाली तर विषयच संपला, आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल असेल तर गप्प बसा, कोणाला काय कळतंय.

'कायमचं बंद' हे आधी घेऊ. तिथे सर्दीच्या साध्या गोळीवरही पायलटला खाली बसवतात, त्याला डीएनआयएफ (ड्यूटीज नॉट इन्क्लुडिंग फ्लाइंग, उडणं सोडून बाकीची कामं) म्हणतात, बोलताना नुसतं 'डिनिफ'. ती शिक्षा नाही, बरं वाटलं, फ्लाइट सर्जनने, म्हणजे पायलटांच्या डॉक्टरने, सही केली की गडी परत कॉकपिटमध्ये. दुखणं नियमात बसत नसेल तर वेव्हर, म्हणजे नियमातून खास सूट, मागतात, किचकट केस ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरच्या तज्ज्ञांकडे जाते.

'डोक्याला मार लागला म्हणजे बाद.' अहो, मार केवढा ते तर विचारा! मिनेसोटातल्या लोकांवरचा १९९८ चा एक अभ्यास आहे, डोक्याला मार लागल्यावर पाच वर्षांत आकडी येण्याचं प्रमाण सौम्य माराला ०.७ टक्के, मध्यम माराला १.२ आणि गंभीर माराला थेट १० टक्के. म्हणून बेशुद्धी किती वेळ होती, मेंदूत रक्तस्राव झाला का, हे खोदून खोदून विचारतात आणि मधे काही काळ नुसतं थांबायला लावतात. शिवाय विमान कुठलं हेही बघतात, कारण दोन पायलटांच्या मालवाहू विमानात शेजारचा सांभाळून घेईल, एकट्याच्या फायटरमध्ये कोण घेणार? त्यामुळे 'उडा, पण दुसरा पायलट सोबत हवा' अशीही परवानगी मिळते.

गोळीचं म्हणाल तर सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम अशा मोजक्या डिप्रेशनच्या गोळ्यांवर वेव्हर मिळू शकतो, पण औषध एकच हवं, त्यावर काही महिने तब्येत स्थिर हवी आणि साइड इफेक्ट नकोत. बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होणं), सायकोसिस (भास-भ्रम होणं) किंवा एपिलेप्सी (पुन्हा पुन्हा आकडी येण्याचा आजार) असेल तर मात्र दार बंदच समजा, तेवढं मेसेजवाल्याचं बरोबर आहे.

ईईजीवरचा भरवसा तर सगळ्यात फसवा. ब्रिटिश रॉयल एअर फोर्सने १३,६५८ धडधाकट तरुण उमेदवारांचे ईईजी तपासले, त्यात ६९ जणांचे आलेख एपिलेप्सीसारखे निघाले, आणि त्यातल्या ज्यांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला त्यांच्यापैकी एकालाच खरी एपिलेप्सी झाली. उलटंही तितकंच खरं, एपिलेप्सी असलेल्याचा ईईजी त्या दिवशी अगदी स्वच्छ येऊ शकतो. म्हणून डॉक्टर कागदापेक्षा तुमची हकिगत जास्त ऐकतात, आणि नेमकी तीच लपवा म्हणून हा मेसेज सांगतोय!

लपवालपवी होते हे मान्य. २०२२ च्या एका सर्व्हेत अमेरिकेतल्या ५६ टक्के पायलटांनी कबूल केलं की कधी ना कधी डॉक्टरकडे जाणं किंवा खरं सांगणं टाळलंय. भीती खोटी नाही, वेव्हरला महिने लागतात, तोवर फ्लाइंग बंद. पण जागरण आणि ऑक्सिजनची कमतरता दोन्हीमुळे आकडी यायची शक्यता वाढते आणि दोन्ही या नोकरीतच आहेत, तेव्हा लपवलेलं दुखणं वर गेल्यावर गप्प बसेलच असं नाही.

आणि एनडीएवाल्या पोरांनो, हे वेव्हर वगैरे नोकरीत असलेल्या, आधीच ट्रेनिंग झालेल्या पायलटांचं चाललंय, तेही अमेरिकेतलं. भरतीचे निकष वेगळे आणि बरेच कडक असतात, आपल्याकडे एपिलेप्सीचा इतिहास असेल तर उमेदवार मेडिकलमध्येच अनफिट ठरतो.