‘पोरांच्या डोक्यात भरवू नका’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्यात तो मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग ठाण्यातल्या शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर, शेवटी बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर. सुरुवात अशी: ‘कॉलेजात पोरांकडून आत्महत्येवर कार्टून फिल्म बनवून घेतात. पालकांनो, जागे व्हा!’ खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘काळजी असेल तर दहा जणांना पाठवा’. सोसायटीच्या ग्रुपवर तो टाकणारे सी-विंगमधले काका सज्जन माणूस आहेत. त्यांची नात यंदा बारावीला आहे, त्यामुळे त्यांची काळजी खरी आहे. मुद्दे मात्र तपासून घ्यायला हवेत.

आधीच सांगतो, मी या वादात तटस्थ नाही. मी ठाण्याकडे ॲनिमेशन शिकवतो आणि गेल्या वर्षी माझ्या आठ विद्यार्थ्यांनी याच विषयावर दोन मिनिटांची फिल्म केली.

‘विषयाचं नाव काढलं की नसलेला विचार डोक्यात येतो.’ पहिला मुद्दा हाच आहे आणि बाकीचे चारही त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. ही भीती आपल्यात इतकी मुरलेली आहे की तिला पुरावा लागतो असं कुणाला वाटतच नाही. पुरावा मात्र उलट बाजूचा आहे. २००१ ते २०१३ या काळातल्या तेरा अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ या नियतकालिकात आला. ‘तुझ्या मनात जीव संपवण्याचे विचार येतात का?’ असं थेट विचारल्यामुळे ते विचार लक्षणीय वाढले, असं त्यातल्या एकाही अभ्यासात दिसलं नाही. यात किशोरवयीन मुलांवरचे अभ्यासही होते. ज्याच्या मनात ते घोळत असतं त्याला कुणीतरी विचारल्यावर बहुधा हायसं वाटतं. ज्याच्या मनात नसतं तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

तरी काकांच्या मुद्द्यात एक खरा काटा आहे. विषय दाखवण्याच्या काही पद्धती खरोखर धोक्याच्या असतात. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूची रंगवून, तपशील देऊन, पहिल्या पानावर बातमी आली की नंतरच्या काळात आत्महत्या वाढतात, हे १९७४ पासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणूनच २०१९ मध्ये भारतीय प्रेस परिषदेने वृत्तपत्रांसाठी नियम काढले: पद्धत सांगू नका, ठळक मथळा करू नका, कारण एका वाक्यात गुंडाळू नका, मदतीचा नंबर द्या. आम्ही ते नियम छापून वर्गाच्या भिंतीवर चिकटवले होते. खोडरबराचा सगळ्यात जास्त वापर त्या कागदामुळे झाला.

कारण मुलांचा पहिला स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्मचा चित्रांतला कच्चा आराखडा, अगदी तसाच होता, जसा आपण सगळ्यांनी केला असता. मुलगा जातो. मग ढगातून खाली बघतो: आई रडतेय, बाबा त्याचं दप्तर कवटाळून बसलेत, ज्या सरांनी अपमान केला त्यांची मान खाली. वर्गातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, ‘या गोष्टीत मुलाला हवं ते मिळालं का?’ थोड्या वेळाने एक जण म्हणाला, ‘सर, सगळंच मिळालं.’ मरणानंतर सगळ्यांना आपली किंमत कळते, असं सांगणारी गोष्ट मरणाचीच जाहिरात करते, हे त्यांचं त्यांना उमगलं. बोर्ड फाडला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने असली एखादी फिल्म पाहिली असेल, तर त्याचा राग मला समजतो. पण मग राग त्या फिल्मवर काढा, विषयावर नको.

शब्दावरही बराच काळ अडलो. ‘आत्महत्या केली’ यात हत्या आहे आणि करणारा आरोपी. ‘जीव दिला’ म्हटलं की तो त्याग वाटतो, जणू कुणासाठी तरी काहीतरी अर्पण केलं. मराठीत या दोन्हींच्या मधला शब्द सहज सापडत नाही. शेवटी मुलांनी फिल्ममध्ये तो शब्दच वापरला नाही. त्यांचा नायक फक्त म्हणतो, ‘मला आता हे सगळं नको झालंय.’ पोरं बोलतात तसं.

दुसरा मुद्दा: ‘कार्टून म्हणजे पोरखेळ, गंभीर विषयाची थट्टा.’ यावर मी धंद्याचा माणूस म्हणून बोलतो. कॅमेरा लावला की समोर असेल ते सगळं चित्रात येतं. ॲनिमेशनमध्ये कुणीतरी काढल्याशिवाय टेबलावर पेनसुद्धा येत नाही. एका सेकंदाला साधारण बारा चित्रं धरली तरी दोन मिनिटांची चौदाशे चाळीस होतात, आणि त्यातल्या प्रत्येकात काय नको हे कुणीतरी ठरवलेलं असतं. नको ती वस्तू, नको तो तपशील फ्रेममध्ये चुकून शिरण्याची सोय यात कमी. शिवाय खरा चेहरा नसतो. खऱ्या मुलाला घेऊन शूट केलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याला काय काय ऐकावं लागलं असतं, याची कल्पना करा. आमचा नायक म्हणजे एक गोल डोकं आणि दोन रेघांच्या भुवया. तो कुणीच नाही, म्हणून कुणीही असू शकतो.

थट्टेचंच म्हणाल, तर ती कार्टूनवाल्यांनी सुरू केलेली नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्राला ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद पुरला आहे. मी नौपाड्यात वाढलो. बाहेरगावी गेलं की ‘ठाण्याचे का? आतले की बाहेरचे?’ हे ठरलेलं. आपणही हसतो. पण अशा विनोदांवर हसत मोठं झालेलं पोर स्वतःला बरं वाटेनासं झाल्यावर कुणाला सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत काय आहे ते बघायला कुणीच तयार नाही.

‘हे डॉक्टरांचं काम, विद्यार्थ्यांचं नाही.’ उपचार डॉक्टरांचेच, यात वाद नाही. पण डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आधी मुलगा बोलतो कुणाशी? घणसोली ते ठाणे लोकलमध्ये शेजारी बसलेल्या मित्राशी. आणि इथे माझ्याकडे एक भक्कम आकडा आहे. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, ११,११० विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. एका गटात शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं. दुसऱ्यात तज्ज्ञांनी प्रश्नावली भरून घेऊन धोक्यातली मुलं हेरली. तिसऱ्यात चार आठवड्यांत मिळून पाच तास, त्यातले तीन मुलांनी स्वतः प्रसंग करून बघण्याचे. वर्षभराने तुलनेसाठीच्या गटात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलांचं प्रमाण १.५१ टक्के होतं, तिसऱ्या गटात ०.७० टक्के. पहिल्या दोन पद्धतींनी म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो मुलांनी स्वतः भूमिका घेतली तिथे. युरोपातली शाळा आणि आपली साठ-सत्तर मुलांची तुकडी एक नव्हे, हे मान्य. पण ‘पोरांचं काम नाही’ या वाक्याला यातून आधार मिळत नाही.

आमच्या फिल्ममध्ये हे कसं झालं ते सांगतो. नायक ‘नको झालंय’ म्हणतो, त्यावर मित्र काय बोलेल? या एका वाक्यावर दोन आठवडे गेले. ‘टेन्शन नको घेऊ.’ खोडलं. ‘अरे, तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत.’ खोडलं, आणि लिहिणारी स्वतःच म्हणाली, ‘मी हे खरंच एकीला म्हटलं होतं.’ शेवटी राहिलं ते असं: ‘मी इथेच बसतो. घरी सांगताना सोबत येऊ?’ फिल्म कुणी बघितली नसती तरी ते दोन आठवडे वाया गेले नसते.

संकटात सापडलेला माणूस दुसरी वाट शोधून सावरतो, अशा गोष्टींनी उलट संरक्षण मिळू शकतं, हे ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं. त्याला त्यांनी मोझार्टच्या संगीतिकेतल्या पापागेनो या पात्राचं नाव दिलं. तो हताश होतो तेव्हा त्याला वेळेवर अडवतात ती तीन मुलं. डॉक्टर नव्हे, मुलं.

‘ज्याला करायचं तो करतोच.’ हे साफ चूक आहे. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती टोकाची वेळ बहुतेकदा येते आणि ओसरते. ओसरेपर्यंत कुणी सोबत असावं लागतं. याच मुद्द्यात ‘उगाच पोलिसांचं लचांड मागे लागेल’ असंही लिहिलंय. प्रयत्न करणाऱ्यावर गुन्हा लावणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलंच नाही, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालतो.

शेवटचा, ‘आजची पिढीच नाजूक, मोबाईलने बिघडलेली.’ देशात २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. त्यात विद्यार्थी १३,०४४. रोजंदारीवर काम करणारे एकूण आकड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. त्यांनाही नाजूक म्हणणार का? नोंदलेल्या कारणांत सगळ्यात वर कौटुंबिक अडचणी, मग आजारपण. एवढ्या मोठ्या गुंत्याला मोबाईल हे एकच उत्तर सोयीचं आहे, कारण मग घरातल्या बाकी कुणाला काही बदलावं लागत नाही.

फॉरवर्डमध्ये जो मुद्दा असायला हवा होता तो नाहीच, म्हणून मीच देतो. १० सप्टेंबरला जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन येतो म्हणून आठ तारखेला नोटीस लावायची, ‘बेस्ट फिल्म’ला चषक ठेवायचा आणि पोरांना एकटं सोडायचं, हे मी दरवर्षी बघतो. याला माझाही विरोध आहे. विषयात शिरलेल्या मुलांपैकी एखाद्याचं स्वतःचं दुखणं वर येऊ शकतं. आम्ही समुपदेशक बाईंना पहिल्या बैठकीपासून सोबत घेतलं होतं, आणि फिल्म दाखवली त्या दिवशी त्या सभागृहाच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. नंतर त्यांच्याशी किती जण बोलले, ते आम्ही विचारलं नाही. तेव्हा काका, कॉलेजला फोन करायचाच असेल तर फिल्म बंद करा म्हणू नका. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. तो कुठे बसतो आणि आठवड्यातून किती दिवस, तेवढं विचारा.

फिल्मच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे: १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. तो पडद्यावर तीन सेकंद ठेवायचा असं ठरलं होतं, कारण पुढे सगळ्यांची नावं यायची होती. एका मुलीने घरी जाऊन आजीला दाखवून बघितलं. आजींना चष्मा शोधून, पेन घेऊन नंबर उतरवायला एकवीस सेकंद लागले. नावं कापली. नंबर एकवीस सेकंद आहे.