‘मी स्वतः तिथे होतो’ : नवशिक्या साक्षीदारांसाठी सूचना

महान खेळ बघायचाय ना? मग पहिली गोष्ट, खेळ बघत बसू नका. खेळ बघणारे लोक वेगळे, ते डबा घेऊन रणजीला जातात, रिकाम्या स्टँडमध्ये बसून कुठल्यातरी डावखुऱ्या स्पिनरच्या फ्लाइटवर दिवसभर बोलतात आणि त्यांना लग्नकार्यात कुणी विचारत नाही. तुम्हाला इतिहासाचे साक्षीदार व्हायचंय, ते काम वेगळं आहे.

दिल्लीकरांनी हे बरोबर ओळखलंय. २०२५ च्या सुरुवातीला विराट कोहली बारा वर्षांनी रणजी खेळायला उतरला, समोर रेल्वेची टीम, एन्ट्री फुकट, हजारोंची गर्दी, आणि हिमांशू सांगवानने त्याचा ऑफ स्टंप उडवला, रन किती तर ६. पब्लिक उठलं आणि चालायला लागलं. मॅच चालूच होती हो, पण मॅच बघायला आलं होतं कोण?

आपण मुंबईकर तरी कुठे मागे आहोत म्हणा. नोव्हेंबर २०१३, वानखेडे, सचिनची २०० वी आणि शेवटची टेस्ट. मुरली विजय आउट झाला आणि स्टेडियम आनंदाने वेडं झालं, आपल्याच ओपनरची विकेट पडली म्हणून, कारण आता तो येणार होता. आला, ७४ केले, देवनारायणच्या बॉलवर सॅमीने कॅच घेतला, सगळे रडले. त्याच इनिंगमध्ये पुजाराने ११३ मारले आणि आपल्या बोरिवलीच्या रोहितने नाबाद १११, पण ‘मी रोहितची ती सेंच्युरी प्रत्यक्ष बघितली’ असं सांगणारा मला अजून भेटायचाय. तुम्हीही सांगू नका. कुणावर रडायचं हे आधी ठरवून जायचं आणि बाकीचा वेळ मोबाईल वर धरून उभं राहायचं, मागच्याला दिसत नसेल तर त्याने पण वर धरावा.

एवढा आटापिटा कशासाठी असं बायको विचारेल. तिला सांगा, साहेबाने इन्क्रीमेंट अडवलं, पोरगं ऐकत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपलं बोलणं कुणी मिनिट्समध्ये पण घेत नाही, पण २०० व्या टेस्टला मी होतो हे कुणाचा बाप काढून घेऊ शकत नाही. त्याने २४ वर्षं घासायची, आपण एक पास मिळवायचा, आणि म्हातारपणी सांगायला दोघांकडे गोष्ट तीच. याहून स्वस्त सौदा मला तरी माहीत नाही.

फक्त माणूस निवडताना जपा. १९४८ ला पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनचं एका इनिंगमधल्या ४५२ चं वर्ल्ड रेकॉर्ड नऊ रनवर आलं होतं, आणि काठियावाडच्या कॅप्टनने मॅचच सोडून दिली. म्हणजे ज्यांना सगळ्यात जवळून बघायला मिळत होतं तेच कंटाळून निघून गेले. भाऊसाहेब पुढे एकही टेस्ट खेळले नाहीत. असल्या माणसाचे साक्षीदार होऊन काय मिळणार, आधी तो कोण हेच अर्धा तास समजावत बसावं लागतं.

आणि तिकीट, पास, ओळख काहीच जमलं नाही तर आझाद मैदान आहेच. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड, शारदाश्रमचे सचिन आणि कांबळी, ६६४ ची पार्टनरशिप. शाळेची मॅच, कामाचा दिवस, कॅमेरा नाही, तिकीट नाही त्यामुळे कुणी तिकिटाचा अर्धा तुकडा मागू शकत नाही. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, एवढं पाठ करा, उलटं झालं तर पकडले जाल. समोरच्या टीमकडून सैराज बहुतुले, पुढे भारताकडून खेळलेला स्पिनर, बॉलिंग टाकत होता हे हळूच मध्ये सोडून द्या, लोक गप्पच होतात. त्या वेळी तुम्ही तिसरीत आणि तेही लातूरला असलात तर काका घेऊन गेले होते म्हणायचं. समोरून कुणी म्हणालाच की अरे मी पण होतो तिथे, तर अजिबात घाबरू नका, फक्त ‘कुठल्या बाजूला उभे होतात?’ हे त्याला विचारू नका, तो पण तुम्हाला विचारणार नाही.