चाचणीची छोटी मॉड्यूल्स एकमेकांच्या पायात येतात का?

‘प्रोग्राम नीट चालतो का, याच्या चाचणीसाठी एकच मोठे फ्रेमवर्क (सगळी साधने एकत्र असलेला सांगाडा) घ्यावे, छोट्या मॉड्यूल्सची (एकेक काम करणाऱ्या तयार कोडच्या तुकड्यांची) मोळी बांधली की ती एकमेकांच्या पायात येतात,’ हे मत प्रोग्रामर मंडळींत सतत फिरत असते. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या तीन कारणांपैकी दोन पर्ल भाषेच्या अनुभवापुढे टिकत नाहीत.

पहिले कारण असे की, प्रत्येक मॉड्यूल चाचण्यांची आपापली मोजणी ठेवते आणि निकाल विस्कटतो. मात्र हा दोष मॉड्यूलच्या लहानपणाचा नसून मोजणीच्या वह्या वेगवेगळ्या असण्याचा आहे. पर्लच्या चाचण्या १९८७ पासून ‘ओके १’, ‘नॉट ओके २’ अशा साध्या ओळी छापत आल्या आहेत, आणि पुढे आलेल्या टेस्ट-बिल्डर या पायाभूत मॉड्यूलने त्यांची मोजणी एकाच सामाईक ऑब्जेक्टकडे सोपवली. त्यामुळे एकाच फाइलीत टेस्ट-मोअर या मॉड्यूलने किंमत तपासली, टेस्ट-एक्सेप्शनने चुकीच्या इनपुटवर एरर येते ना हे पाहिले आणि टेस्ट-डीपने क्रम न बघता यादी जुळवली, तरी क्रमांक सलगच पडतात. या तिघांना एकमेकांची ओळख असण्याचीही गरज नसते.

दुसरे कारण, फेल झालेल्या चाचणीऐवजी मॉड्यूलच्या आतला ओळ क्रमांक दिसतो. पिनकोड तपासणारे छोटे फंक्शन लिहिताना मीही यात फसलो होतो: चाचणी कुठलीही फेल होवो, बोट त्याच एका ओळीकडे. टेस्ट-बिल्डरचे ‘लेव्हल’ हे (ओळ किती पायऱ्या वर शोधायची ते सांगणारे) व्हेरिएबल त्या फंक्शनपुरते एकाने वाढवताच खरी ओळ दिसू लागली. दुरुस्ती एका ओळीची होती, शोधण्यात मात्र दुपार गेली.

तिसरे कारण परावलंबनाचे, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडवर विसंबण्याचे. २०१६ मध्ये जावास्क्रिप्टचे अकरा ओळींचे लेफ्ट-पॅड पॅकेज काढून घेतले गेले आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रोग्राम्सचे बिल्ड (बांधणी) कोसळले, हा दाखला खराच आहे. पर्लमध्ये मॉड्यूल इन्स्टॉल होताना त्याच्या चाचण्याही सहसा चालतात, त्यामुळे चाचणीचे एक मॉड्यूल बिघडले तर त्यावर विसंबलेल्यांचे इन्स्टॉलेशन अडते, हेही मान्य करावे लागेल. परंतु खरा भार या छोट्या मॉड्यूल्सवर नसून त्यांच्याखालच्या सामाईक पायावर असतो. २०१६ मध्येच टेस्ट-बिल्डरचा गाभा बदलून टेस्ट-टू आले, तेव्हा अडचण मुख्यतः त्या मॉड्यूल्सची झाली, ज्यांनी ठरलेला इंटरफेस (बाहेरून वापरायचा मार्ग) सोडून टेस्ट-बिल्डरच्या पोटात हात घातला होता.