१३ फूट उंच, ५ फूट जाड

कर नाही त्याला डर कशाला, हे आधी घोकून ठेवा. पुढचं आपोआप जमतं.

आपली माहिती सरकारकडे नेमकी असते कुठे, असं कुणा भोचकानं विचारलंच, तर बेधडक सांगा: भिंतीआड. थट्टा नव्हे. मार्च २०१८ मध्ये देशाच्या ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगितलं होतं, की आधारची माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींमागे सुरक्षित आहे. गडकिल्ल्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं? हत्ती लावला तरी हलायची नाही. (भिंतीला कान असतात, असं आजी म्हणायची. ५ फुटांत किती मावतात, ते तिनं सांगितलं नाही.)

आता त्याच वर्षी जानेवारीत चंडीगडच्या ‘द ट्रिब्यून’च्या एका वार्ताहर बाईंनी भलताच उद्योग केला. व्हॉट्सॲपवर भेटलेल्या दलालाला पेटीएमनं ५०० रुपये धाडले आणि १० मिनिटांत त्यांच्या हाती लॉगिन-पासवर्ड. कुठलाही आधार क्रमांक टाका. नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर समोर हजर. वर ३०० दिले तर कार्ड छापायचीही सोय. एवढ्या पैशांत हल्ली चौघांचं धड जेवण होत नाही. ना शिडी लागली, ना सुरुंग.

आधार चालवणाऱ्या प्राधिकरणानं मग काय केलं? माहिती फुटलेलीच नाही म्हणून सांगितलं आणि पोलिसांत तक्रार दिली. एफआयआरमध्ये नाव वार्ताहर बाईंचंही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लगेच म्हणू नका. संन्यासी भिंतीपाशी गेलाच कशाला? भोक दिसलं की मान वळवावी आणि पुढे चालू लागावं. तेव्हाच्या आधार कायद्यात तर फार सुंदर कलम होतं: अशा गुन्ह्याची तक्रार कोर्टात फक्त प्राधिकरणानंच करायची. म्हणजे कुलूप फुटल्याची फिर्याद कुलूप लावणाऱ्यानं द्यायची, आतलं सामान कुणाचं का असेना. न्यायालयाला ते सप्टेंबर २०१८ मध्ये रुचलं नाही, तो भाग वेगळा.

तरी जागल्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणारा, व्हायची हौस असेलच, तर जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा आहे. संसदेनं मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, फक्त लागू करायचा राहून गेलाय. सत्येंद्र दुबे या अभियंत्याच्या वेळी तेवढंही नव्हतं. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यानं थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं. पत्र नावासकट खात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घातली गेली. सीबीआयच्या तपासात ती लूटमार निघाली.

गुप्तता राखावी तर सरकारनंच. पेगासस हे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर घेतलं का, या प्रश्नाला ना हो, ना नाही, राष्ट्रीय सुरक्षा! न्यायालयाच्या समितीनं २९ फोन तपासले, ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच असं काही म्हणता आलं नाही. सरकारनं सहकार्य केलं नाही, हेही समितीनं सांगितलं. ही शिकवणी फुकट आहे, घेऊन ठेवा. रात्री उशिरा घरी पोचल्यावर ‘कुठे होतात?’ असं दारातच विचारलं गेलं, की शांतपणे म्हणावं, उघड करणं देशहिताचं नाही. जेवायला वाढलं जाईल याची हमी मात्र मी घेत नाही.

परवा मी स्वतः आधारची झेरॉक्स काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. गर्दी होती. पोऱ्यानं टेबलाखालच्या ढिगातला एक कागद ओढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर माझा हिशोब मांडला आणि माझ्या हातात दिला. घरी येऊन उलटून पाहतो, तर कुण्या आजींचं आधार कार्ड. फोटो जरा काळा आला होता, म्हणून टाकून दिलेलं. पत्ता आमच्याच गल्लीतला, आकडे सगळे स्वच्छ.

मी अर्थातच कुणाला काही बोललो नाही.